मोरीवरची केळ आणि माराकेशचं मैदान: थेंब थेंब वाचवूनही पाणी का आटलं?

फेब्रुवारी २०२५ मध्ये मोरोक्कोचे राजे सहावे मोहम्मद यांनी प्रजेला एक विनंती केली: यंदा बकरी ईदला मेंढी कापू नका. धर्मखात्याच्या मंत्र्यांनी ते पत्र टीव्हीवर वाचून दाखवलं. नऊ वर्षांत देशातली गुरंमेंढरं ३८ टक्क्यांनी घटली होती आणि उरलेल्यांचे भाव गरिबाच्या आवाक्यात नव्हते. मुस्लिम देशाच्या राजानेच कुर्बानी टाळायला सांगणं ही लहान गोष्ट नाही. याआधी असं घडलं ते त्यांच्या वडिलांच्या कारकिर्दीत, १९९६ साली. तेव्हाही मागे दुष्काळच होता.

बातमी धर्माची वाटते, पण आहे चाऱ्याची आणि पाण्याची. आणि तिच्या पोटात एक कोडं आहे. याच देशाने गेल्या साठ वर्षांत दीडशेच्या आसपास मोठी धरणं बांधली. २००८ पासून ‘हरित मोरोक्को’ योजनेखाली ठिबकला ८० टक्के, छोट्या शेतकऱ्याला तर १०० टक्क्यांपर्यंत अनुदान दिलं. साडेपाच लाख हेक्टर ठिबकखाली आणायचं उद्दिष्ट होतं. एवढं सगळं करूनही विहिरी खोल का चालल्या? सगळा देश एकदम समजून घ्यायला गेलं तर डोकं गरगरतं. म्हणून एकच मैदान घेऊ: माराकेश शहराभोवतालचं हौझ.

(नावावरून आपला पाण्याचा हौद किंवा हौज आठवेल, पण तो अरबी शब्द वेगळा. या ‘हौझ’चा अर्थ शहराच्या ताब्यातला, त्याच्या भोवतीचा मुलूख.)

## दुसऱ्याच्या पावसावर जगणारं मैदान

नकाशावर माराकेशच्या दक्षिणेला बोट ठेवलं की उंच ॲटलास पर्वताची रांग लागते. तिच्यातलं तुबकाल शिखर ४,१६७ मीटर, म्हणजे उत्तर आफ्रिकेत सर्वांत उंच. शहर आहे साडेचारशे मीटरच्या आसपास आणि दोघांमधलं अंतर जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटर. हिवाळ्यात शहरातल्या संत्र्याच्या झाडाखाली उभं राहून दक्षिणेला पाहिलं तर बर्फ दिसतो. उत्तरेला जबिलेत नावाच्या बुटक्या, उघड्या टेकड्या. मधला सपाट पट्टा म्हणजे हौझ.

या पट्ट्यात वर्षाला पाऊस पडतो २५० मिलिमीटर किंवा त्याहून कमी. सोलापूरला आपण दुष्काळी म्हणतो, तिथे याच्या दुप्पट पडतो. तोही इथे हिवाळ्यात पडतो. उन्हाळा सुरू झाला की चार-पाच महिने आभाळ कोरडं. उन्हाची तहान मात्र पावसाच्या सहापट. एवढ्या पावसावर फार तर बार्ली येते, तीही चांगल्या साली. अशा कोरडवाहू जमिनीला तिथे ‘बूर’ म्हणतात.

तरीही हे मैदान हजार वर्षं ऑलिव्ह, जर्दाळू, गहू आणि पुदिना पिकवत आलंय, कारण ते स्वतःच्या पावसावर जगतच नाही. पाऊस आणि बर्फ पडतो डोंगरात. बर्फ नोव्हेंबर ते एप्रिल वर साठून राहतो आणि पिकाला गरज असते तेव्हा, वसंतात, वितळून खाली येतो. म्हणजे डोंगरमाथ्यावर एक धरणच आहे, भिंत नसलेलं. न्फिस, घेराया, उरिका, झात, र्दात या नद्या हे पाणी घेऊन उतरतात आणि जबिलेतच्या पायथ्याशी तेन्सिफ्त नदीला मिळतात. तेन्सिफ्त पुढे अटलांटिक महासागराला.

मिळतात असं म्हटलं खरं, पण बहुतेक महिने त्या मिळत नाहीत. वाटेतच जिरतात.

## नदी गायब होते ती जागा

डोंगर संपतो आणि मैदान सुरू होतं त्या सांध्याला तिथे ‘दीर’ म्हणतात. डोंगरातून धावत आलेली नदी इथे एकदम मंदावते आणि हजारो वर्षांचे गोटे, वाळू, खडी पंख्यासारखी पसरून टाकते. या खडीच्या थरात पाणी सहज मुरतं. जमिनीखालच्या अशा पाणी धरून ठेवणाऱ्या थराला जलधर म्हणतात. धान्याची कणगी असते तशी ही पाण्याची कणगी.

दीरचा पट्टा म्हणजे या मुलखाचा बाजार. डोंगरातला माणूस अक्रोड, सफरचंदं, मेंढरं घेऊन उतरतो आणि मैदानातला धान्य, तेल घेऊन चढतो. गाठ पडते ती इथे. त्न्येन उरिका या गावाच्या नावातच सोमवार आहे, कारण बाजार सोमवारचा. अस्नीचा बाजार शनिवारी. आपण शहरातल्या पेठांना वारांची नावं दिली, त्यांनी गावांना.

नदी जिरण्याआधी तिचं पाणी वळवायचं, ही इथल्या शेतीची पहिली युक्ती. दगड आणि झाडाच्या फांद्या रचून नदीत आडवा बांध घालतात. डोंगरातल्या अमाझिघ (बर्बर) भाषेत त्याला ‘उग्गुग’ म्हणतात. तिथून मातीचा पाट काढायचा, तो ‘सेगिया’. पुढे पाट फुटत फुटत शेतापर्यंत. पाणी वाटायचं ते पाळीने: अमक्या कुटुंबाला इतका वेळ, तमक्या वस्तीला इतके दिवस. धुळे-नाशिककडची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात परकं काही वाटणार नाही. भांडणंसुद्धा तीच असतात, वरच्याने बांध जास्त घट्ट बांधला म्हणून खालच्याने रात्री येऊन दगड काढायचे.

हा बांध गळका असतो, हे लक्षात ठेवा. पूर आला की वाहूनही जातो. अभियंत्याला तो दोष वाटतो. पण बांध गळतो म्हणून तर खालच्या गावाला पाणी मिळतं, आणि पुरात फुटतो म्हणून पूर पुढे जाऊन मैदानभर मुरतो.

## जमिनीखालचा पाट

दुसरी युक्ती जास्त डोकेबाज. माराकेश वसलं १०७० च्या सुमारास, नदीच्या काठी नव्हे तर जवळजवळ ओसाड माळावर. बाराव्या शतकातला भूगोलकार अल-इद्रिसी सांगतो की उबैदुल्ला इब्न यूनुस नावाचा एक कारागीर तिथे आला तेव्हा बाग म्हणावी अशी एकच होती. त्याने उंचावर मोठी विहीर खणली आणि तिथून जमिनीखालून बोगदा काढत काढत पाणी उतारावर उघड्यावर आणलं. सुलतानाने खूश होऊन त्याला बक्षीस दिलं, आणि मग लोकांनी बोगद्यांचा सपाटाच लावला.

या बोगद्याला ‘खेत्तारा’ म्हणतात. तत्त्व सोपं आहे. जमिनीला उतार आहे. बोगद्याला त्याहून कमी उतार द्यायचा. वरच्या टोकाला बोगदा भूजलाच्या पातळीखाली असतो, खालच्या टोकाला तो आपोआप जमिनीवर निघतो. ना मोट, ना पंप. ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी, माती काढायला आणि हवा यायला. विमानातून पाहिलं तर या विहिरींभोवतीचे मातीचे ढिगारे रांगेत मांडलेल्या वारुळांसारखे दिसतात. हौझमध्ये अशा शेकडो रांगा होत्या.

संभाजीनगरची नहर-ए-अंबरी याच जातीची. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ती काढली. इराणातली ही विद्या पश्चिमेला मोरोक्कोपर्यंत आणि पूर्वेला दख्खनपर्यंत पोहोचली.

खेत्ताराचा एक गुण आधुनिक पंपात नाही: ती भूजल जेवढं वर असेल तेवढंच पाणी देते. पातळी बोगद्याच्या खाली गेली की बंद. हाव धरायची सोयच नाही.

## मोरीवरची केळ

आता मुख्य मुद्दा. जुन्या घरांमागे मोरीच्या पाण्यावर केळ किंवा अळू असायचं. भांडी घासली, आंघोळी झाल्या, पाणी गेलं केळीला. समजा, घरात कोणी तज्ज्ञ आला आणि म्हणाला, ‘तुम्ही फार पाणी वाया घालवता.’ नवे नळ बसवले, मोरीत जाणारं पाणी निम्मं झालं. छान. वाचलेल्या पाण्यावर घरच्यांनी पुढच्या अंगणात गुलाबाची बाग केली. महिन्याभरात मागची केळ वाळली. पाणी वाचलं का? मीटरवरचा आकडा तोच. फक्त केळीचं पाणी गुलाबाला गेलं.

हौझमध्ये हेच झालं, हजारो हेक्टरवर.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा: पाणी वापरणं वेगळं आणि पाणी संपवणं वेगळं. पिकाने पिऊन पानांवाटे हवेत सोडलेलं पाणी त्या मैदानापुरतं संपलं. पण मातीच्या पाटातून झिरपलेलं, वाफ्यातून खाली उतरलेलं पाणी संपत नाही. ते कणगीत जाऊन पडतं. समजा पाटात शंभर हंडे सोडले. साठ पिकाने आणि उन्हाने घेतले, चाळीस मुरले. कागदावर कार्यक्षमता साठ टक्के, म्हणजे ‘चाळीस टक्के नासाडी’. पण त्या चाळीस हंड्यांवर खालच्या गावाची विहीर चालायची, खेत्तारा वाहायची आणि माराकेशच्या खजुराच्या बनाची मुळं ओली राहायची.

नासाडी म्हणून ज्याची नोंद झाली ती खालच्या गावाची मिळकत होती.

## मग बिघडलं कुठे?

एका दिवसात नाही. फ्रेंच राजवट १९१२ ला आली. न्फिस नदीवर लल्ला ताकेरकुस्त इथे १९३५ च्या सुमारास धरण झालं आणि पंपही आले. स्वातंत्र्यानंतर दहा लाख हेक्टर ओलिताखाली आणायचा ध्यास घेतला गेला. पूर्वेकडच्या लखदर नदीवर ‘हसन पहिला’ हे धरण १९८६ मध्ये पूर्ण झालं आणि तिथून साधारण १२० किलोमीटर लांबीचा सिमेंटचा कालवा माराकेशकडे आणला गेला. सिमेंटचा, म्हणजे न गळणारा. धरणाने पूर अडवला, त्यामुळे नदीच्या खडीत मुरणारं पाणी घटलं. दोन्ही गोष्टी कागदावर प्रगतीच होत्या, आणि बऱ्याच अर्थाने खरोखरही. शेती वाढली, शहराला पिण्याचं पाणी मिळालं.

मग आला बोअर. आणि बोअरबरोबर एक विलक्षण मोरोक्कन प्रकार: स्वयंपाकाच्या गॅसवर चालणारा पंप. घरगुती ब्युटेनच्या बारा किलोच्या टाकीला सरकार भरघोस अनुदान देतं. ती वर्षानुवर्षं ४० दिरहमला मिळायची, २०२४ मध्ये ५० झाली. डिझेलपेक्षा हे स्वस्त, म्हणून शेतकऱ्यांनी जुन्या मोटारींची इंजिनं गॅसवर लावून पाणी उपसायला सुरुवात केली. आपल्याकडे हॉटेलात घरगुती सिलिंडर सापडला तर बातमी होते. तिथे मळ्यात टाक्यांची रांग दिसते. आता त्यांची जागा सौरपंप घेताहेत. सौरपंपाला तर दिवसभर चालवायला पैसाच लागत नाही.

या सगळ्यावर ठिबक आलं. ठिबकने पाण्याची धार बारीक केली, पण झाडं वाढवली. पूर्वी जो शेतकरी पाळी आली तर गहू भिजवायचा, नाहीतर रान पडीक ठेवायचा, त्याने अनुदानावर नळ्या अंथरल्या आणि ऑलिव्ह, संत्री, पीच लावले. गव्हाला दुष्काळात सोडून देता येतं. बागेला नाही. ती बारा महिने पाणी मागते, आणि तिच्यावर कर्ज असतं. वर, थेंब मुळाशी पडल्यामुळे खाली मुरायला काही उरलं नाही. उपसा वाढला, भरणा थांबला. काही भागांत पातळी वर्षाला मीटरभर आणि त्याहूनही जास्त खाली जाऊ लागली. खेत्तारा जवळजवळ सगळ्या कोरड्या पडल्या.

## ‘पण ठिबकने पाणी वाचतं, हे आम्ही डोळ्यांनी बघतो’

बघता ते खरं आहे. एका एकरापुरतं वाचतंच. तणाला जाणारं, उघड्या मातीवरून उडून जाणारं पाणी वाचतं, खत वाया जात नाही, उत्पादन वाढतं, रात्री दारं धरायला जावं लागत नाही. जिथे मुरलेलं पाणी खाऱ्या थरात किंवा थेट समुद्रात जातं तिथे तर ठिबक ही खरीच बचत आहे. आणि वाचलेलं पाणी कणगीत राहू दिलं तर हौझमध्येही ती झाली असती. घोळ नळीत नाही. वाचलेल्या पाण्यावर दुसरा एकर लावायला कोणी अडवलं नाही, यात आहे. अनुदान देताना नळीची लांबी मोजली गेली, उपसा नाही. महाराष्ट्रात हे वाचताना कोणाला काही ओळखीचं वाटलं तर तो योगायोग समजू नये.

## ‘दोष पावसाचा नाही का?’

आहे, आणि मोठा आहे. २०१८-१९ पासून मोरोक्कोने ओळीने कोरडी वर्षं काढली. बर्फ कमी पडतो आणि लवकर वितळतो. म्हणजे भिंत नसलेलं धरण वेळेआधीच रिकामं होतं. पण दुष्काळ इथे पाहुणा नाही, घरचाच आहे. कणगी भरलेली असती तर चार वाईट वर्षं निघाली असती. चांगल्या सालीच कणगी उपसून ठेवल्यावर पहिल्याच वाईट सालाला तळ दिसतो.

## ‘गोल्फवाल्यांना धरा की!’

माराकेशभोवती गोल्फची मैदानं आहेत, जलतरण तलाव आहेत, आणि कोरड्या माळावर हिरवळ पाहून संताप येणं साहजिक आहे. मलाही येतो. पण हिशेबात ते छोटं कलम आहे. देशात वापरल्या जाणाऱ्या पाण्यातलं सुमारे ८५ टक्के शेतीला जातं, आणि माराकेशच्या बऱ्याच गोल्फ मैदानांना शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी दिलं जातं. गोल्फ बंद केलं तर न्याय झाल्यासारखं वाटेल, पण विहिरी वर येणार नाहीत.

## ‘मग जुनंच परत आणा’

खेत्तारा आणि सेगियाचं कौतुक करताना मन भरून येतं, पण त्यांना सोन्याचा मुलामा देऊ नये. पाटाचं पाणी सगळ्यांना समान मिळत नव्हतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माराकेशचा पाशा (सुभेदार) थामी अल-ग्लावी याच्यासारख्या बड्यांनी जमिनी आणि पाणी दोन्ही गिळलं होतं. शेतावर राबणारा ‘खम्मास’ असायचा. खम्मास म्हणजे पाचव्या हिश्शाचा वाटेकरी: बी, बैल, जमीन, पाणी मालकाचं, घाम याचा, आणि पिकाचा पाचवा भाग पदरात. शिवाय भूजल बोगद्याच्या खाली गेलं असेल तर खेत्तारा कितीही साफ करा, तीत पाणी येणार कुठून?

परत आणण्यासारखं आहे ते तंत्र नाही, बंधन आहे. डोंगरात ते अजून जिवंत आहे. उकायमेदनच्या कुरणावर वसंतापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत चराईबंदी असते. गवत फुलून बी धरेपर्यंत कोणाचीही मेंढी आत जात नाही, आणि ठरलेल्या दिवशी सगळ्यांची एकदम जातात. या पद्धतीला ‘अग्दाल’ म्हणतात. कुरण डोळ्यांना दिसतं, म्हणून शेजाऱ्याची मेंढी आत शिरली तर कळतं. भूजल दिसत नाही. शेजाऱ्याने किती उपसलं हे त्याच्या पंपालाच ठाऊक.

## ‘समुद्राचं पाणी गोडं करून आणता येईल ना?’

करताहेत. ॲटलासच्या पलीकडे, अगादीरजवळ २०२२ मध्ये सुरू झालेला प्रकल्प दिवसाला २७.५ कोटी लिटर पाणी गोडं करतो. त्यातलं जवळपास निम्मं शेतीला जातं, मुख्यतः निर्यातीच्या भाजीपाल्याला. पण ती शेती समुद्राकाठची. हौझ समुद्रापासून दीडशे किलोमीटर आत आणि साडेचारशे मीटर वर. एवढं चढवलेलं पाणी शहराच्या नळाला परवडेल. गहू किंवा मेंढ्यांचा चारा त्यावर पिकवणं परवडणार नाही.

## गावात याचं काय होतं

मोठा बागायतदार बोअर आणखी खोल नेतो. तीनशे मीटर मारायचे पैसे त्याच्याकडे असतात. दोन एकरवाल्याकडे नसतात. त्याची विहीर साठ मीटरवर कोरडी होते, मग तो आधी चारा विकत घेतो, मग मेंढरं विकतो. मेंढरं ही तिथल्या शेतकऱ्याची बँक: लग्न, आजारपण, शाळेचा खर्च, सगळं बाजारात एक मेंढी नेऊन भागतं. ३८ टक्क्यांचा आकडा म्हणजे अशी मोडलेली हजारो खाती.

त्यात ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र याच अल-हौझ प्रांतात. जवळपास तीन हजार माणसं गेली, डोंगरातली माती-दगडाची घरं वस्त्यांसकट बसली. जगाने ‘हौझ’ हे नाव तेव्हा ऐकलं. ज्या पाटांवर डोंगरातली गच्चीशेती चालते तेही दरडींखाली फुटले. पाट दुरुस्त करायला गावची माणसं एकत्र जमावी लागतात, आणि जमायला ती गावात असावी लागतात. तरुण बरेच आधीच माराकेशला बांधकामावर गेलेले.

शहर आता मैदानात पसरतंय. जुन्या खेत्तारांचे ढिगारे सपाट करून त्यावर घरं उठताहेत, आणि त्यातल्या बऱ्याच घरांच्या भिंतींना विटा लावणारा माणूस आजोबांच्या वेळची पाण्याची पाळी कोणत्या वारी, किती वेळ होती ते अजून तोंडपाठ सांगतो.